मुरबाडची लोकल: कल्याणहून, टिटवाळ्याहून की बदलापूरहून?

घाटपायथा (धागाकर्ता)

मुरबाडला रेल्वे हवी की नको, यावर इथे वाद नको. तो प्रश्न आमच्या आजोबांच्या पिढीतच मिटला. माळशेजच्या पायथ्याकडचा माणूस आजही आधी रस्त्याने कल्याण गाठतो, मग जिने चढतो-उतरतो, मग गाडीत शिरायची धडपड करतो. कामावर पोचेपर्यंत त्याचा निम्मा जीव गेलेला असतो. मला बोलायचंय ते रूळ नेमके कुठून फुटावेत यावर.

पेपरात वर्षानुवर्षं येतो तो मार्ग कल्याणहून उल्हासनगरच्या बाजूने, सुमारे २८ किलोमीटरचा. दुसरा पर्याय लोकांच्या बोलण्यात नेहमी असतो: टिटवाळ्याहून गोवेली, मामणोली करत मुरबाड. नकाशावर दोरी धरली तर हा २० ते २५ किलोमीटरच्या मधे कुठेतरी बसतो. तिसरा बदलापूरहून बारवीच्या अंगाने.

सीएसएमटीपासून कल्याण ५४ किलोमीटर, टिटवाळा ६४. म्हणजे कल्याणहून थेट गेलं तर मुरबाड ८२ किलोमीटरवर येतं आणि टिटवाळ्याहून गेलं तर ८४ ते ८९. हा फरक पाहून मला तरी कल्याणचाच मार्ग बरोबर वाटतो. सरळ आहे, जवळ आहे, वाटेतली गावं मोठी आहेत. तुमचं काय म्हणणं? रोज प्रवास करणाऱ्यांनी जरूर लिहा.

पहिलीलोकल

कल्याणच. मी म्हारळला राहते. म्हारळ, वरप, कांबा ही आता नावापुरती गावं उरली आहेत, इमारतींवर इमारती उभ्या राहिल्यात. इतकी माणसं रोज रिक्षाने कल्याण किंवा शहाड स्टेशनला जातात. सकाळी शहाडच्या पुलावर रिक्षा अडकली की ठरलेली गाडी गेली म्हणून समजा. आमच्या दाराशी स्टेशन आलं तर मुरबाडपेक्षा जास्त प्रवासी इथेच चढतील. नवा मार्ग माणसं आहेत तिथून न्यायचा, की मोकळी शेतं आहेत तिथून?

बारवीचं_रान

बदलापूरच्या पर्यायाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो फार वेळ चर्चेत ठेवण्यासारखा नाही. बदलापूर ते मुरबाड या पट्ट्यात बारवी धरण आहे, त्याचा फुगवटा आहे, जंगल आहे आणि चढउतार आहेत. धरण औद्योगिक विकास महामंडळाचं, त्याच्या पाण्यावर कारखाने आणि शहरं दोन्ही जगतात. रस्ता वळणं घेत जातो, पण लोकलला तशी वळणं आणि चढ चालत नाहीत. म्हणजे भराव, खोदाई, कदाचित बोगदा. पनवेल-कर्जतच्या नव्या उपनगरी मार्गावर तीन बोगदे लागले, त्यातला वावर्ल्याचा एकटाच अडीच किलोमीटरपेक्षा लांब आहे, ठाण्याजवळच्या पारसिक बोगद्याच्या जवळजवळ दुप्पट. तिथे डोंगराला पर्याय नव्हता. मुरबाडला सपाटीवरचे दोन रस्ते असताना जंगल का फोडायचं?

शिवाय बदलापूरच्या गाड्यांत आज पाय ठेवायला जागा नसते. कल्याण-बदलापूर तिसरा-चौथा मार्ग मंजूर आहे, १४ किलोमीटरचा, पण तो बदलापूर आणि त्यापलीकडच्या गर्दीलाच पुरेल.

घाटपायथा

बारवीबद्दल पूर्ण पटलं. तिसरा पर्याय बाजूला ठेवू.

उल्हासकाठ

पहिलीलोकल ताई, तुमचा मुद्दा मनापासून समजतो, कारण मी तुमच्याच बाजूचा, कांब्याचा. तरीही मी कल्याणच्या मार्गाच्या विरोधात आहे. कारण लिहितो.

उल्हास नदी बदलापूरहून उत्तरेला येते, रायत्याजवळ कल्याण-मुरबाड रस्ता तिच्यावरून जातो, आणि मग ती कांबा, वरप, म्हारळच्या कडेने पश्चिमेला वळते. म्हणजे रस्ता आणि नदी बरेच किलोमीटर शेजारी शेजारी चालतात. २६ जुलै २००५ ला आमच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. २०१९ च्या जुलैत पुन्हा तेच. त्याच पुरात २७ जुलैला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर माणसं बोटींनी बाहेर काढावी लागली. तीही हीच नदी, आमच्यापासून थोडी वर. त्या दिवशी रायत्याचा पूल पाण्याखाली होता आणि मुरबाड कल्याणपासून तुटलं होतं.

आता विचार करा, या पट्ट्यात रेल्वेचा भराव घातला तर काय होईल. रूळ पाण्याच्या वर ठेवायचे म्हणून भराव उंच करणार. भराव उंच झाला की तो बांध होतो. नदी फुगली की पाणी आज शेतात पसरतं आणि ओसरतं. उद्या ते भरावाला अडून गावात साचेल. मोऱ्या ठेवतील, पण मोऱ्यांत प्लास्टिक आणि जलपर्णी अडकली की मोरी असून नसल्यासारखी. सगळा मार्ग खांबांवर घेतला तर प्रश्न सुटेल, पण मग खर्च कुठल्या कुठे जाईल आणि तेवढ्यासाठी प्रकल्पच लांबेल.

जलसंपदा विभागाच्या नकाशावर नदीची निळी आणि लाल पूररेषा असते. निळी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या. माझं म्हणणं एवढंच की मार्ग ठरवायच्या आधी या दोन रेषा नकाशावर आखा आणि मग पेन्सिल हातात घ्या. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासून नद्यांची प्रतिकृती करून अभ्यास करणारं. आपल्या राज्यात एवढी मोठी सोय असताना तिथे हे तपासून घ्यायला हवंच.

पहिलीलोकल

२००५ मला आठवतंय दादा. आमची सोसायटी तेव्हा नव्हती, पण आई सांगते. पुराचा विचार मी केला नव्हता, हे मान्य करते.

सिग्नलमन

मी नोकरीची सगळी वर्षं गाड्यांच्या नियंत्रणात काढली, आता निवृत्त आहे. उल्हासकाठ यांनी नदीचं सांगितलं ते बरोबर आहे. त्याला जोडून एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही: मध्य रेल्वेने उल्हास नदी आधीच ओलांडलेली आहे. शहाड सोडलं की आंबिवलीच्या आधी गाडी उल्हासच्या पुलावरून जाते. त्यामुळे टिटवाळ्याहून गोवेलीकडे निघालात तर तुम्ही उल्हासच्या पलीकडेच आहात. रायत्याला नवा मोठा पूल लागत नाही. काळू नदी उत्तरेकडे राहते. ओढे-नाले लागतील, ते सगळीकडेच लागतात.

आता गाड्यांचा हिशोब. लोक नकाशावर अंतर मोजतात, पण उपनगरी मार्गाचं मरण-जगणं फाट्यावर ठरतं. म्हणजे नवा मार्ग जुन्यातून जिथे फुटतो तिथे. कल्याणला आधीच दोन घाटांचे मार्ग वेगळे होतात, एक कसारा-इगतपुरीकडे, दुसरा कर्जत-लोणावळ्याकडे. त्यात मालगाड्या, मेल-एक्सप्रेस आणि लोकल. यार्डात लोकलचे आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांचे मार्ग वेगळे करायचं काम म्हणूनच मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ३अ टप्प्यात (एमयूटीपी ३अ) घ्यावं लागलं, २०१९ मध्ये. त्या यार्डात तिसरा फाटा घालायचा म्हणजे जे सोडवायला निघालोय तेच पुन्हा गुंतवायचं.

टिटवाळ्याचा मोठा फायदा असा की टिटवाळा लोकल आजही तिथे संपते आणि तिथून परत फिरते. त्यातल्या काही गाड्या पुढे मुरबाडपर्यंत नेल्या तर सीएसएमटी ते टिटवाळा या भागात एकही नवी गाडी घालावी लागत नाही. ठाणे-दिवा पाचवा-सहावा मार्ग २०२२ मध्ये सुरू झाला तरी गर्दीच्या वेळी नव्या लोकलला जागा शोधणं किती अवघड आहे, हे वेळापत्रक बसवणाऱ्याला विचारा. कल्याणहून स्वतंत्र मार्ग केला तर एक तर कल्याण-मुरबाड शटल मिळेल, म्हणजे कल्याणला उतरून पुन्हा गाडी बदला, नाही तर दुसऱ्या कुणाची तरी गाडी काढून घ्यावी लागेल.

तोटाही सांगतो, लपवून उपयोग नाही. आपल्याकडे गाड्या डाव्या रुळाने चालतात. कल्याणहून टिटवाळ्याकडे जाताना डाऊन रूळ (मुंबईहून येणाऱ्या गाड्यांचा) पश्चिमेला, अप (मुंबईकडे जाणाऱ्यांचा) पूर्वेला. मुरबाडही पूर्वेला. म्हणजे मुंबईहून आलेली गाडी मुरबाडकडे वळताना अप रूळ कापून जाणार. सकाळी सात-आठच्या सुमाराला कसारा आणि आसनगावहून भरून येणाऱ्या गाड्या त्याच अप रुळावर असतात. परतीची मोकळी गाडी वळेपर्यंत त्या सिग्नलला उभ्या. दिवा स्टेशनजवळच्या रस्त्याच्या फाटकाने लोकलचं वेळापत्रक किती वर्षं पिळलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथे तसंच होईल, फक्त रस्त्याच्या गाड्यांऐवजी आपलीच गाडी आडवी येईल. उपाय एकच: डाऊन गाडी रुळांवरून उचलून पलीकडे नेणारा रेल्वेचा उड्डाणपूल. तो आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवा. "नंतर करू" म्हटलं की तो होत नाही.

आराखडा

काकांनी लिहिलं त्यात थोडी भर. मार्ग एकेरी की दुहेरी, हा प्रश्नही आत्ताच सोडवायला हवा. समजा एकेरी मार्ग आहे आणि गाड्या ओलांडायची स्टेशनं साधारण ६ किलोमीटरवर आहेत. थांबा धरून गाडीला तेवढ्या अंतराला ७ मिनिटं, समोरच्या गाडीला ७, सिग्नल आणि सांधा बदलायला दोन्ही बाजूंची मिळून ४ ते ५. म्हणजे १८-१९ मिनिटांत एका दिशेला एक गाडी. तासाला जेमतेम तीन, तेही एकही गाडी उशिरा नसताना. एक गाडी पाच मिनिटं अडकली की समोरची अडकते, तिच्यामागची अडकते.

पैसे नसतील तर पहिल्यांदा एकच रूळ टाका, पण जमीन दोन रुळांची घ्या, पुलांचे पाये दोन रुळांचे घ्या, आणि प्लॅटफॉर्मसाठी १५ डब्यांची लांबी सरळ आणि सपाट राखून ठेवा. १५ डब्यांची गाडी सुमारे ३२० मीटर लांब असते. पुढे वळणात प्लॅटफॉर्म वाढवायची वेळ आली की काय होतं ते जुन्या स्टेशनांवर पाहतोच आहोत, गाडी आणि फलाटाच्या मधे माणूस जाईल एवढी फट.

मांडा_टिटवाळा

इथे सगळे मुरबाडचा विचार करताहेत, टिटवाळ्याच्या माणसाचा कुणी करत नाही म्हणून लिहितोय. सिग्नलमनकाका, तुम्ही सहज लिहिलंत की टिटवाळा लोकल पुढे न्या. ती आमची बसायची गाडी आहे. सव्वा-दीड तास उभं राहावं लागू नये म्हणून लोक इथे घर घेतात, गावापासून लांब, पाण्याची ओढाताण सोसून. माझी बायको त्या गाडीने जाते, तिच्या गुडघ्यांचं दुखणं आहे. तीच गाडी उद्या मुरबाडहून भरून आली तर ती दारात लटकेल. कसारा लोकलमध्ये टिटवाळ्याला चढून दाखवा सकाळी, मग कळेल मी काय म्हणतोय.

कल्याणच्या पुढे लोकल, मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या त्याच रुळांवर धावतात, हेही विसरू नका. लोकल डहाणूपर्यंत २०१३ मध्ये नेली, लोकांना आनंद झाला, पण विरारच्या पुढे दोनच रूळ असल्यामुळे गाड्या वाढवता येईनात आणि शेवटी चौपदरीकरण हाती घ्यावं लागलं. आधी रूळ वाढवा, मग फाटे फोडा.

सिग्नलमन

मांडा_टिटवाळा, तुमचा राग रास्त आहे आणि मी "काही गाड्या" असं लिहिलं होतं, सगळ्या नव्हे. ठाम शब्दांत सांगायचं तर सकाळच्या गर्दीतल्या टिटवाळ्याहून सुटणाऱ्या गाड्या तिथूनच सुटल्या पाहिजेत. दुपारच्या आणि रात्रीच्या आधी मुरबाडला न्याव्यात. सकाळी मुरबाडसाठी ज्या गाड्या लागतील त्या कल्याण-आसनगाव चौथा मार्ग झाल्यावर नव्याने घालाव्यात. तो ३२ किलोमीटरचा मार्ग मंजूर आहे आणि तिसऱ्याचं काम चालू आहे. हे दोन्ही झाल्याशिवाय मुरबाड फाटा सुरू केला तर तुम्ही म्हणता तेच होईल.

मांडा_टिटवाळा

हे तुम्ही लेखी मागणीत घालणार असाल तर माझा विरोध नाही. गाडी आली तर आमच्या व्यापाऱ्यांना फायदाच आहे, आणि संकष्टी-अंगारकीला मुरबाडकडचे भाविक रस्त्याने येतात ते गाडीने येतील.

सातबारा

जमिनीबद्दल लिहिते, कारण प्रकल्प रुळांवर अडत नाहीत, जमिनीवर अडतात.

उरणची रेल्वे बघा. २७ किलोमीटरचा मार्ग, मंजुरी नव्वदीच्या दशकातली. खारकोपरपर्यंत २०१८ मध्ये आली आणि उरणला पोचायला १२ जानेवारी २०२४ उजाडला. त्याच दिवशी दिघा गाव स्टेशनही सुरू झालं. ते ऐरोली-कळवा मार्गासाठी बांधलेलं, पण कळव्याकडे जाणारा उन्नत मार्ग तिथल्या वस्तीच्या पुनर्वसनात अडकल्यामुळे स्टेशन आहे आणि ज्यासाठी बांधलं तो मार्ग नाही, अशी स्थिती झाली. उल्हासनगर कळव्यापेक्षा मोकळं आहे का? फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत वसलेलं हे शहर, एकेका भिंतीला दोन घरं टेकलेली. तिथून रूळ न्यायचे म्हणजे किती कुटुंबं हलवावी लागतील याचा विचार मुरबाडकरांनीही करावा. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याचं घर जातंय.

टिटवाळ्याच्या बाजूला शेती आहे, म्हणून ते सोपं, असंही कुणी समजू नये. आमच्या घरची जमीन एका प्रकल्पात गेली आहे. सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव, खाली एकवीस वारस, त्यातले चार हयात नाहीत, दोन कुठे आहेत माहीत नाही. मोबदला जाहीर झाला, पण हिश्श्यांच्या वादात पैसे अडकून राहिले आणि जमीन मात्र हातची गेली. माझे वडील ते पैसे बघायला राहिले नाहीत.

म्हणून माझी विनंती अशी. मोजणीच्या आधी गावोगावी वारस नोंदी लावायचे कॅम्प घ्या, तलाठ्यासकट. मुरबाड तालुक्यात ठाकूर, कातकरी वस्त्या आहेत. त्यांच्या जमिनीचं हस्तांतर कायद्याने बांधलेलं आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली केलेले दावे काहींचे मंजूर, काहींचे प्रलंबित असतात. दावा प्रलंबित असलेल्या कातकऱ्याच्या हातात कागद नसतो, म्हणून मोबदल्याच्या यादीत त्याचं नाव येत नाही. पिढ्यान् पिढ्या कसतोय तोच, आणि उठवतानाही त्यालाच पहिल्यांदा उठवतात. मार्ग कुठूनही जावो, हे आधी सोडवा.

उल्हासकाठ

ताई, तुमची पोस्ट वाचून काही वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. हे मागणीपत्रात सगळ्यात वर यायला हवं.

पहिलीलोकल

मग आम्ही काय करायचं? टिटवाळ्याचा मार्ग झाला तर म्हारळ, वरप, कांबा पुन्हा बाजूलाच पडतात. रागाने लिहीत नाही, पण आमच्यासाठी यात काय आहे?

आराखडा

तुमचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर रेल्वेत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. म्हारळहून शहाड स्टेशन जवळ आहे. तुमची अडचण आहे ती स्टेशनपर्यंतच्या रस्त्याची आणि स्टेशनात शिरायची. शहाडचा पूल रुंद करणं, स्टेशनाच्या म्हारळकडच्या टोकाला पादचारी पूल आणि तिकीटघर, आणि म्हारळ-शहाड सतत फिरणाऱ्या बस. एवढ्याने तुमची वाचतील तितकी मिनिटं नवं स्टेशनही वाचवणार नाही, कारण नव्या मार्गावर तुम्हाला २० मिनिटांनी एक गाडी मिळेल आणि शहाडला टिटवाळा, आसनगाव, कसारा अशा तिन्ही गाड्या आजच मिळतात. शिवाय मुरबाडचे प्रवासी गाडीने गेले की तुमच्या रस्त्यावरच्या जीप आणि बस कमी होतील.

पहिलीलोकल

असं कुणी मांडलंच नव्हतं. शहाडचं मागणीत घाला, मग मी आमच्या सोसायट्यांच्या सह्या आणते.

घाटपायथा

धागा काढला तेव्हा मी दोन ते सात किलोमीटरचा फरक बघत होतो. माझं मत बदललंय. मी टिटवाळ्याच्या बाजूचा झालोय, पण काकांनी आणि सातबारा ताईंनी घातलेल्या अटींसकट.

रविवारी मी आणि एक मित्र टिटवाळ्याहून गोवेलीपर्यंत चालत गेलो, शेतांच्या कडेकडेने जमेल तितकं. भातखाचरं, वीटभट्ट्या, विजेचे मोठे मनोरे, मधे मधे नवे प्लॉट पाडलेले आणि खांब रोवलेले. ते खांब बघून काळजी वाटली. रेल्वे येणार म्हणून जमीन आत्ताच हात बदलते आहे, आणि मोबदल्याची वेळ येईल तेव्हा मूळ शेतकरी तिथे नसेल. मार्ग लवकर नक्की होऊन जाहीर झाला तर हे थोडं तरी थांबेल.

गोवेलीच्या अलीकडे एक आजोबा बांधावर बसले होते. आम्ही कशाला फिरतोय ते सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "गाडी इथं थांबणार का नुसती जाणार?" मला उत्तर देता आलं नाही. काका, मधे किती स्टेशनं धरायची?

सिग्नलमन

गाड्या ओलांडायला टिटवाळा आणि मुरबाडच्या मधे किमान तीन ठिकाणी लूप, म्हणजे बाजूचा जादा रूळ, लागेलच. जिथे लूप तिथे गाडी थांबतेच, मग तिथेच फलाट बांधायचा, वेगळा खर्च नाही. पहिला गोवेलीला, कारण कल्याणकडचा आणि टिटवाळ्याकडचा रस्ता तिथे भेटतो आणि मुलं शिकायला तिथे येतात. दुसरा मामणोलीच्या आसपास. तिसरा मुरबाडच्या अलीकडे औद्योगिक वसाहतीजवळ, पाळी सुटायच्या वेळेला तिथून सगळ्यात जास्त माणसं निघतात. आणि मुरबाडचं स्टेशन रूळ संपवून भिंत घालून बांधू नका. पुढे माळशेजमार्गे नगरकडे जायची मागणी जुनी आहे. उद्या रूळ पुढे न्यायची वेळ आली तर फलाट फोडावा लागू नये, अशा दिशेने ते आखा.

त्या आजोबांना सांगा, गोवेलीला थांबणार. मागणीपत्राचा मसुदा टाका, मी गाड्यांचा तक्ता करून देतो.

सातबारा

वारस नोंदींच्या कॅम्पसाठी लागणाऱ्या कागदांची यादी मी उद्या रात्रीपर्यंत टाकते. गोवेलीच्या बाजूच्या गावांची नावं मात्र कुणीतरी नीट क्रमाने लिहून द्या, टिटवाळ्याकडून सुरुवात करून.